तळवलीची माती

गेल्या रविवारी आमच्या गच्चीवर पहिलं वांगं धरलं. एकच. लहान मुलाच्या मुठीएवढं. सोसायटीच्या ग्रुपवर त्याचे सतरा फोटो पडले आणि कुणीतरी 'बारसं कधी?' असंही विचारलं. हसायचं तर तुम्हीही हसा, पण या वांग्याने मला दोन वर्षं कामाला लावलंय आणि शेवटी इतिहासाची पुस्तकं उघडायला लावलीत. वांग्याचा आणि इतिहासाचा संबंध काय? सांगतो. शनिवार आहे, चहा घेऊन बसा.

मी राहतो तळवलीला. ठाणे-बेलापूर रोडवर, घणसोली आणि रबाळेच्या मध्ये. ऑफिसात पत्ता सांगताना मी 'घणसोली' सांगून मोकळा होतो, कारण 'तळवली' म्हटलं की पुढची पाच मिनिटं नकाशा समजावण्यात जातात.

बागकामाची सुरुवात सगळे करतात तशीच केली. ॲपवर माती मागवली. दहा मिनिटांत पाच किलो माती दारात! सोबत कोकोपीट, रोपं, झारी, आणि यूट्यूबवरून मिळालेला आत्मविश्वास. दीड महिन्यात सगळं गेलं, कुंडीतली माती विटेसारखी कडक झाली. मग नर्सरीतून लाल मातीची पिशवी आणली. ती घेऊन तळवली नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभा होतो. शेजारी गावठाणातल्या एक आजी उभ्या होत्या. पिशवीकडे बघून म्हणाल्या, "माती काय इकत आनाची वस्तू हाय का रं पोरा?"

मी म्हटलं, "मग कुठून आणायची, आजी?"

त्यांनी समोरच्या टॉवर्सकडे हात केला. ही सगळी खार होती म्हणाल्या, इथे भात व्हायचं. आणि वर, "माती बी आमीच केलेली." एवढं बोलून त्या रिक्षात बसून गेल्यासुद्धा.

आता 'माती केली' म्हणजे वाट लावली, एवढाच अर्थ आम्हा कोड लिहिणाऱ्यांना ठाऊक (रिलीजच्या रात्री तो वारंवार वापरतो). माती खरोखर 'करतात' कशी, हे डोक्यातून जाईना. म्हणून वाचायला लागलो.

खार म्हणजे खाडीकाठची जमीन. भरती येते-जाते तिथे गाळ साचतो. कोकणातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अशा चिखलाभोवती बांध घातले आणि समुद्राला बाहेर ठेवलं. बांधाला एक उघाडी ठेवायची, म्हणजे झाप बसवलेलं दार. ओहोटीच्या वेळी आतलं पावसाचं पाणी रेटा देऊन झाप उघडतं आणि खाडीत निघून जातं. भरतीला खाडीचं पाणीच ती झाप दाबून बंद करतं. वीज नाही, सेन्सर नाही, सॉफ्टवेअर तर नाहीच नाही. पाऊस दर वर्षी थोडं थोडं मीठ धुऊन नेतो. पहिली काही वर्षं पीक मिळत नाही. मग मीठ सोसणारं भात लावायचं, काळा रत्ता, भुरा रत्ता असली नावं असलेलं. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने अशा जमिनीसाठी 'पनवेल' नावाचेच भाताचे वाण काढले. गोव्यात याच जमिनीला खाजन म्हणतात, उघाडीला मानस म्हणतात, आणि तिथे बांध राखण्यासाठी गावकऱ्यांच्या संस्था होत्या.

यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट म्हणजे बांध कुणा एकाचा नसतो. खेकडा बांधात बीळ करतो, उधाणाचं पाणी त्यातून झिरपतं, आणि एका रात्रीत खांड पडते. खांड तुमच्या शेतासमोर पडली तरी मीठ माझ्या शेतातही येतं, आणि एकदा आलं की पुढचे काही पावसाळे ते धुण्यात जातात. म्हणजे शेजाऱ्याशी बोलणं बंद असलं तरी बांधावर चिखलाची पाटी घेऊन त्याच्या शेजारी उभं राहायलाच लागतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर, फक्त तो किलोमीटरभर लांब.

इथे मी 'किती सुंदर सामुदायिक जीवन' असं लिहून गहिवरणार होतो, पण वाचता वाचता अलिबागजवळचं चरी गाव आडवं आलं. तेही खारेपाटातलं. जमीन खोताची, कष्ट कुळाचे आणि पिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात. 1933 मध्ये नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली तिथल्या कुळांनी संप केला आणि खोतांची जमीन कसायची बंद केली. संप 1939 पर्यंत चालला! सहा वर्षं शेतं ओसाड. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कुळांच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे 'सगळ्यांनी मिळून' असं म्हटलं की त्याच्या पाठोपाठ विचारायला हवं, की पाटी कोण उचलतं आणि भात कुणाच्या घरी जातं? हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे माझ्याच गच्चीवर तो मला भेटला.

तर तळवलीकडे परत येऊ. 1948 मध्ये मुंबई प्रांताने आणि 1979 मध्ये महाराष्ट्राने खार जमिनींसाठी कायदे केले आणि बांधांची जबाबदारी सरकारकडे जायला लागली. पण आपल्या पट्ट्यात तोवर वेगळंच घडत होतं. 1960 च्या दशकात ठाणे-बेलापूर रोडवर एमआयडीसी आली. 17 मार्च 1970 ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली मोठं आंदोलन झालं. जानेवारी 1984 मध्ये जासई परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. घणसोलीत किंवा ऐरोलीत आपण ज्या बिल्डिंगांमध्ये ईएमआय भरतो, त्यातल्या कितीतरी या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभ्या आहेत.

शेती सुटली की बांधाकडे बघणारं कुणी उरत नाही. खाडी आपली जागा परत घेते आणि तिच्या मागे तिवरं येतात. तिवरांवर माझा राग नाही. ठाणे खाडीत 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला, आणि चांगलंच झालं. पण रायगडात ज्याचा बांध फुटून भाताच्या शेतात तिवरं उगवली, त्याची अडचण वेगळी आहे. तिवरांना कायद्याचं संरक्षण असल्यामुळे ते शेत पुन्हा लावणं त्याच्यासाठी जवळजवळ अशक्य होऊन बसतं. फ्लेमिंगोचा फोटो काढताना हेही माहीत असलेलं बरं.

मग माझ्यासारख्याने काय करायचं? खाली भराव, वर स्लॅब. माती करायची कशातून?

याचं उत्तर कोल्हापूरच्या एका गणिताच्या प्राध्यापकांनी कधीच देऊन ठेवलंय. श्रीपाद अच्युत दाभोळकर, म्हणजे डॉ. नरेंद्र दाभोळकरांचे थोरले बंधू. त्यांनी 'प्रयोग परिवार' सुरू केला. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या तुकड्यावर प्रयोग करायचा, आणि जमलं काय, फसलं काय, ते इतरांना कळवायचं. पत्रं लिहायची, एकमेकांच्या शेतावर जायचं. तासगावसारख्या कमी पावसाच्या भागात द्राक्षं उभी राहिली, त्यात या अभ्यास करणाऱ्या शेतकऱ्यांचा मोठा वाटा आहे. त्याच तासगाव तालुक्यात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन सीडलेसमधून निवड करून 'तास-ए-गणेश' हा वाण काढला. त्यातला 'तास' तासगावचा आणि 'ए' आर्वेंचा. लिनक्स 1991 चं. आपण ज्याला ओपन सोर्स म्हणून मिरवतो, ते ही माणसं त्याच्या कितीतरी आधी पोस्टाने करत होती.

दाभोळकरांचं म्हणणं थोडक्यात असं, की शेतकऱ्याचं खरं भांडवल ऊन आहे. प्रत्येक पान म्हणजे साठवलेलं ऊन. पालापाचोळा, उसाचं पाचट, काडीकचरा जाळलात तर ते ऊन उडून गेलं, मातीत मुरवलंत तर पुढच्या पिकाला मिळालं. नीट हिशेब केला तर एका कुटुंबाला दहा गुंठेही पुरतात, असं ते मांडत. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक जरूर वाचा. 2001 मध्ये ते गेले.

हाच विचार मुंबईच्या गच्च्यांवरही आला. वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी आपल्या गच्चीवर, रसवंतीवाल्यांकडे फुकट मिळणारी उसाची चिपाडं पिशव्या आणि पिंपांत भरून भाज्या-फळं काढली. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात केटरिंग अधिकारी असलेल्या प्रीती पाटील यांनी तिथल्या सुमारे 3,000 चौरस फुटांच्या गच्चीवर बाग उभी केली. रोज हजारोंचं जेवण रांधणारं स्वयंपाकघर, त्याचा ओला कचरा खाली फेकण्याऐवजी वर गेला आणि त्याची माती झाली. यातूनच पुढे 'अर्बन लीव्ह्ज' हा शहरी शेती करणाऱ्यांचा गट उभा राहिला.

या मंडळींची 'अमृत माती'ची कृती दाभोळकरांचे शिष्य दीपक सचदे यांनी घडवली. आधी अमृत जल करायचं. 10 लिटर पाणी, 1 किलो ताजं शेण, 1 लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम काळा गूळ. तीन दिवस ठेवायचं, रोज दोन-तीनदा ढवळायचं, मग दहापट पाण्यात मिसळायचं. त्यात सुकी पानं दिवसभर भिजवायची आणि मधे मधे मातीचा पातळ थर देत ढीग रचायचा. महिनाभर दर आठवड्याला ढीग उलटायचा. मग त्यावर तऱ्हेतऱ्हेचं बी पेरायचं, उगवलेलं वेळोवेळी खुडून त्याच ढिगात मुरवायचं. साधारण 140 दिवसांनी माती तयार. 140 दिवस! आमच्याकडे दोन आठवड्यांचा स्प्रिंट असतो, तोही पाळला जात नाही.

आमच्या सोसायटीत आधी मशीन आलं होतं. मोठ्या वसाहतींनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितलं, म्हणून कमिटीने मशीन घेतलं. त्यातून निघायचा तो वाळवलेला कचराच, पाणी लागलं की पुन्हा वास. वर्षभरात ते बंद पडलं आणि आमचा कचरा पूर्वीसारखा तुर्भ्याच्या डम्पिंगकडे जायला लागला. त्याआधी शहराचा कचरा कोपरखैरणेला जायचा. आज आपण ज्या निसर्ग उद्यानात मॉर्निंग वॉकला जातो, ते त्याच जुन्या डम्पिंगवर उभं आहे.

मग आम्ही अकरा घरांनी ढीग लावला. गावठाणातल्या गोठ्यातून शेण, रस्त्याकडेची पानं. सेक्रेटरींना गच्ची गळेल याची भीती होती, म्हणून खाली दुहेरी ताडपत्री आणि विटांवर फळ्या टाकल्या. पहिल्या ढिगाला ओलं जास्त आणि सुकं कमी झालं, अळ्या पडल्या, वरच्या मजल्यावरच्या काकूंनी रीतसर तक्रार केली. दुसरा ढीग नीट जमला. आम्ही खूश. फोटो, लाइक्स, 'ग्रीन सोसायटी' वगैरे.

आणि मग एका शनिवारी मी सकाळी लवकर वर गेलो. आमच्या हाउसकीपिंगच्या ताई एकट्या ढीग उलटत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "साहेब, दर शनिवारी मीच करते की." कामाच्या यादीत नसलेलं, पगारात नसलेलं काम. कुणीतरी कधीतरी 'जरा बघा हं' म्हणालं होतं आणि ते त्यांच्या गळ्यात पडलं होतं. आमच्या 'सामुदायिक' बागेची पाटी त्या उचलत होत्या आणि फोटो आमचे. चरीचं गाव माझ्या गच्चीवर उभं होतं, आणि खोत कोण ते सांगायला नको.

त्या संध्याकाळी अकरा घरांची मीटिंग झाली. थोडी बाचाबाचीही झाली ('आम्ही मेंटेनन्स भरतो ना' हे वाक्य दोनदा आलं). शेवटी पाळ्या लावल्या. ज्याचा आठवडा, त्याने स्वतः फावडं धरायचं. तीन घरं गळाली, आठ राहिली. ताईंना मागच्या सगळ्या शनिवारांचे पैसे दिले. त्यांना हवं तेव्हा त्या आता भाजीच्या वाटेकरी आहेत, कामाच्या नाहीत. हे सांगायला खरं तर लाज वाटते, पण प्रयोग परिवाराचा नियम आहे, फसलेलंही कळवायचं.

वांगं धरल्यावर त्या ढिगातली मूठभर माती कागदात बांधून मी गावठाणात आजींकडे घेऊन गेलो. शोधायला थोडा वेळ लागला. त्यांनी पुडी उघडली, माती चिमटीत चोळली, नाकाशी नेली. मी शाबासकीची वाट बघत उभा.

"आजून कच्ची हाय," त्या म्हणाल्या आणि पुडी परत माझ्या हातात दिली.

असो. वांग्याचं भरीत आठ घरांत कसं वाटायचं यावर अजून चर्चा चालू आहे. मला निघायला हवं, ढीग उलटायचाय. या आठवड्याची पाळी माझी आहे.