माळव्याच्या काळ्या मातीत गादीवाफा

जमिनीपेक्षा उंच उठवलेल्या वाफ्याला गादीवाफा म्हणतात. शेतकरी मुख्यतः रोपे तयार करण्यासाठी तो करतात. परसबागेत भाजी आणि फुले या दोन्हींसाठी तो उपयोगी पडतो. इंदूर, देवास, उज्जैन या आपल्या भागात त्याची विशेष गरज आहे.

गरज का?
आपल्याकडची काळी माती सुपीक आहे, पण चिकण. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. पावसाळ्यात मातीतील पोकळ्या पाण्याने भरतात, मुळांना हवा मिळत नाही आणि टोमॅटो-मिरचीची चांगली वाढलेली रोपे चार दिवसांच्या झडीत माना टाकतात. अशा वेळी खत किंवा औषध देऊन फायदा होत नाही. पाण्याला वाट करून द्यावी लागते. गादीवाफ्याची उंची त्यासाठीच असते.

जागा आणि माप
किमान सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. वाफ्याची लांब बाजू दक्षिणोत्तर ठेवावी. रुंदी चार फुटांपेक्षा जास्त नको, कारण दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोहोचला पाहिजे. वाफ्यात पाय पडला की माती दबते आणि सगळा खटाटोप वाया जातो. उंची एक फूट पुरते. वाकणे जमत नाही अशा ज्येष्ठांसाठी दीड-दोन फूट ठेवावी. मात्र विटांचे पक्के बांधकाम केल्यास तळाशी पाणी जायला भोके ठेवावीत. दोन वाफ्यांमध्ये दीड फूट वाट सोडावी.

कडेला विटा किंवा फरशीचे तुकडे चालतात. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर वापरू नयेत. त्यांना लावलेले रसायन भाजीजवळ नको.

भराव
हे काम मृग नक्षत्राच्या आधी उरकावे. उन्हाळ्यात माती दगडासारखी असते, म्हणून आधी हलके पाणी देऊन वाफसा येऊ द्यावा आणि मग वीतभर खणावे. लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढाव्यात. तळाशी प्लास्टिक अंथरू नये.

दहा फूट लांब, चार फूट रुंद, एक फूट उंच वाफ्याला 40 घनफूट भराव लागतो. त्यात 20 घनफूट माती, 10 घनफूट पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि 10 घनफूट कोकोपीट किंवा कुजलेला पालापाचोळा घ्यावा. चिकण मातीत थोडीशी वाळू मिसळून ती भुसभुशीत होत नाही. पहिल्या पावसात भराव खाली बसतो. तेवढी भर पुन्हा घालावी.

हाच वाफा गच्चीवर करण्याचा विचार असेल तर सावध राहावे. ओल्या भरावाचे वजन दीड टनाच्या पुढे जाते. अभियंत्याला विचारल्याशिवाय तो करू नये.

काय लावावे?
पावसाळ्यात भेंडी, गवार, मिरची, वांगी. दोडका, कारली यांचा मांडव उत्तरेच्या टोकाला घालावा, म्हणजे इतर झाडांवर सावली कमी पडते. थंडीत मेथी, पालक, मुळा, गाजर, कोथिंबीर, टोमॅटो. मिरचीला दीड फूट, वांगी-टोमॅटोला दोन फूट अंतर द्यावे.

अळू मात्र गादीवाफ्यावर नको. त्याला ओल हवी. वाफ्याचे पाणी जिथे उतरते तिथे ते लावावे. वडीची पानेही मिळतात आणि त्या पाण्याचाही उपयोग होतो.

फुलांत कडेने झेंडू लावावा. पेरल्यापासून फूल यायला दोन ते अडीच महिने लागतात, म्हणून दसऱ्याच्या तोरणासाठी श्रावण लागताच बी पेरावे. हा श्रावण आपल्या अमान्त पंचांगातला. इथल्या स्थानिक पंचांगात तो पंधरा दिवस आधी लागतो. शेवंती आणि निशिगंधही या वाफ्यात छान येतात, कारण पाणी साचणे त्यांनाही मानवत नाही.

काळजी
उंच वाफा उन्हाळ्यात लवकर वाळतो, हा त्याचा दोष. मातीवर दोन-तीन इंच वाळल्या पानांचे आच्छादन घालावे आणि सकाळी पाणी द्यावे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. प्रत्येक हंगामानंतर इंच-दोन इंच शेणखत घातले आणि वाफा तुडवला नाही, तर दरवर्षी खोल खणावे लागत नाही.