सोबत हेही औषधच : व्यसनमुक्तीचा थोडा इतिहास

नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या शाळेत 1994 च्या सुमारास प्रयोगशाळेचे काम एक मामा पाहत असत. शाळेतल्या परिचरांना आमच्याकडे मामाच म्हणतात. मामा पीत. आम्ही मुले त्यांच्या चालण्याची नक्कल करत असू आणि पोट धरून हसत असू. एका वर्षी ते दोनेक महिने दिसले नाहीत. पुण्याला उपचार घेऊन परतले तेव्हा गावाने त्यांचे स्वागत एकाच वाक्याने केले : "बघू, किती दिवस टिकतंय!"

मुख्याध्यापक सरांनी मात्र पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या किल्ल्या मामांच्या हाती दिल्या. स्पिरिटची बाटली तेवढी स्वतःच्या कपाटात ठेवली आणि तसे तोंडावर सांगितले : "मामा, भरवसा नाही म्हणून नव्हे. रोज तिच्याशी कुस्ती कशाला खेळायची?" वर्षभराने मामांचा पाय एकदा घसरला. चौथ्या दिवशी सर त्यांच्या घरी गेले आणि त्यांना पुन्हा कामावर घेऊन आले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मामा प्यायले नाहीत.

सरांनी हे शहाणपण कुठून आणले, असा प्रश्न तेव्हा आम्हाला पडला नाही. पुढे संशोधनात पडल्यावर लक्षात आले, की सरांना जे सहज सुचले, तिथवर पोचायला विज्ञानाला फार मोठा वळसा घ्यावा लागला. तो वळसा शिक्षकांना माहीत असावा, म्हणून हा लेख.

सुरुवात रसायनापासून झाली. 1805 च्या सुमारास सेर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. 1874 मध्ये लंडनच्या राइट यांनी मॉर्फिनपासून एक नवे संयुग तयार केले. 1898 मध्ये बायर कंपनीने तेच 'हेरॉइन' या नावाने खोकल्यावरचे औषध म्हणून बाजारात आणले. त्याची सवय लागत नाही, असा तेव्हा समज होता! समज खोटा ठरल्यावर दोष कोणाचा, यावर दोन मते पडली. काहींच्या मते दोष रसायनाचा, तर काहींच्या मते माणसाच्या दुबळ्या मनाचा. व्यसनी माणसाच्या भोवतालच्या माणसांचा विचार दोन्ही मतांत नव्हता.

हा विचार पुढे आला तो प्रयोगशाळेतून नव्हे, तर एका टेलिफोनवरून. 1935 च्या मे महिन्यात बिल विल्सन हा शेअर दलाल अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात एका हॉटेलात उतरला होता. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते. धंद्यातला बेत फसला होता आणि समोर बार होता. त्याने बारऐवजी टेलिफोन गाठला आणि आपल्यासारखाच दारूशी झगडणारा कोणी गावात आहे का, याची चौकशी केली. त्यातून त्याची भेट डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकाशी झाली. या भेटीतून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही संघटना उभी राहिली. दुसऱ्याला सावरताना माणूस स्वतःही सावरतो, हे तिचे मुख्य सूत्र. औषध नाही, फी नाही. वर्तुळात बसलेली, एकाच दुखण्याची माणसे!

याचे कारण काय असावे? मेंदूत डोकावायला आणखी काही वर्षे लागली. 1954 मध्ये ओल्ड्स आणि मिल्नर यांना आढळले, की मेंदूच्या ठराविक भागाला विजेची सौम्य उत्तेजना मिळावी म्हणून उंदीर कळ पुनःपुन्हा दाबतो. 1973 मध्ये मेंदूतील अफूजन्य द्रव्यांचे ग्राहक सापडले आणि 1975 मध्ये शरीर स्वतःच बनवत असलेली तशीच द्रव्ये हाती आली. बाहेरचे मादक द्रव्य मेंदूतल्या या सुखाच्या वाटाच बळकावते. शिवाय पावलॉवच्या कुत्र्याला घंटा, तशी व्यसनी माणसाला बाटली, विडीकाडीचा कोपरा, ठराविक मित्र! नुसत्या दर्शनाने ओढ जागी होते. सरांनी बाटली नजरेआड ठेवली, त्यात हेच शास्त्र होते.

पण किल्ल्या का दिल्या, याचे उत्तर अजून बाकी होते. व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन सैनिकांपैकी साधारण पाचव्या हिश्शाला तिथे हेरॉइन वा अफूचे व्यसन जडले होते. 1971 नंतर ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. पहिल्या वर्षात या व्यसनींपैकी सुमारे 5 टक्केच पुन्हा व्यसनात अडकले होते. रसायन तेच, माणूस तोच. बदलला तो भोवताल. त्याच दशकाच्या अखेरीस कॅनडात ब्रूस अलेक्झांडर यांनी काही उंदीर एकेकटे पिंजऱ्यात, तर काही मोकळ्या जागेत कळपाने ठेवले. एकट्या उंदरांनी मॉर्फिनचे पाणी कितीतरी जास्त प्यायले. पुढे इतरांनी हा प्रयोग करून पाहिला तेव्हा निष्कर्ष सारखे आले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. मात्र 2018 मध्ये मार्को वेनिरो आणि सहकाऱ्यांनी उंदरांना सरळ निवडच दिली : मादक द्रव्य की दुसऱ्या उंदराची सोबत? बहुतेकांनी सोबत निवडली. उंदरावरून माणसाबद्दल बोलताना जपूनच बोलावे. पण दिशा तीच दिसते.

आपल्याकडेही असे काम उभे राहिले. 1980 च्या दशकात मुंबई-पुण्यात 'गर्द', म्हणजे ब्राऊन शुगर हे अशुद्ध हेरॉइन, तरुणांत पसरले. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आर्थिक पाठबळ दिले. डॉ. सुनंदा (अनिता) अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात 29 ऑगस्ट 1986 रोजी 'मुक्तांगण' सुरू झाले. तिथे औषधे होतीच, पण बरे झालेले रुग्णच पुढे समुपदेशक झाले. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' हा गट निघाला, कारण घर सावरल्याशिवाय माणूस सावरत नाही.

म्हणजे प्रेमाने सगळे होते, असे मात्र समजू नये. नांदेडला लागून असलेल्या तेलंगणात 2015 मध्ये भेसळीच्या शिंदीवर धडक कारवाई झाली. त्या शिंदीत अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट अशी गुंगीची द्रव्ये मिसळलेली असत. पुरवठा एकाएकी तुटला आणि निजामाबादसह अनेक ठिकाणी माणसे झटके येऊन, भास होऊन रुग्णालयात दाखल झाली. अशी द्रव्ये किंवा रोजची भरपूर दारू अचानक बंद करणे जिवावर बेतू शकते. म्हणून पहिला टप्पा डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवा. नांदेड आणि लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. 14446 हा राष्ट्रीय मदत क्रमांक विनामूल्य आहे.

दुसरा टप्पा, म्हणजे परत आल्यानंतरची वर्षे, ही मात्र डॉक्टरांच्या हातात नसतात. ती आपल्या हातात असतात. लातूर-नांदेडला शिकवणीसाठी हजारो मुले घर सोडून खोल्या घेऊन राहतात. त्यांतला एखादा मुलगा मधेच गळतो, खिडकीजवळच्या बाकावर गप्प बसू लागतो. त्याला हजेरीपटावरून कमी करणे सोपे असते. उपचार घेऊन तो परत आला, तर वर्गातले कोणते काम आपण त्याच्यावर सोपवू? आणि त्याचा पाय पुन्हा घसरला, तर चौथ्या दिवशी त्याच्या खोलीवर कोण जाईल?

मामा निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी किल्ल्यांचा जुडगा सरांच्या टेबलावर ठेवला. सरांनी तो मोजूनही पाहिला नाही. आम्ही तेव्हा दारात उभे होतो. त्यांच्या चालण्याची नक्कल आम्ही केव्हाच सोडून दिली होती.