कातुल्लस कवीची पोथी

लॅटिन वीणाकाव्य म्हटलें म्हणजे होरेसचें नांव प्रथम ओठांवर येतें. ग्रीकांचीं गेय वृत्तें इटलीच्या भाषेंत आपणच प्रथम आणलीं, असा त्याचा अभिमान होता. परंतु त्याच्या आधींच्या पिढींत कातुल्लसनें सॅफोच्या वृत्तांत दोन कविता रचल्या होत्या, आणि त्यांतील एक तर सॅफोच्याच गीताचें रूपांतर होतें. ही गोष्ट होरेस सोईस्करपणें विसरलेला दिसतो.

कातुल्लस इ. स. पूर्व ८४ च्या सुमारास व्हेरोना येथें जन्मला व तिशीच्या आसपास वारला. सीझर त्याच्या वडिलांकडे पाहुणा येई. तरी चिरंजीवांनीं सीझरवरच झोंबणारीं कवनें रचलीं! पण त्याची खरी कीर्ति ‘लेस्बिया’ या टोपणनांवाच्या स्त्रीवरील कवितांची. चुंबनांचा अगणित हिशेब, तिच्या लाडक्या चिमणीचा मृत्यु, आणि अखेर प्रीति व द्वेष एकाच हृदयांत नांदण्याची यातना. ही यातना त्यानें अवघ्या दोन ओळींत सांगितली. ट्रॉयनजीक वारलेल्या भावाच्या थडग्यापाशीं घेतलेला निरोपही दहाच ओळींचा आहे.

असा हा कवि मध्ययुगांत जवळजवळ नाहींसा झाला. व्हर्जिल व होरेस पाठशाळांतून शिकविले जात, म्हणून त्यांच्या नकला होत राहिल्या. कातुल्लसला तो आश्रय नव्हता. एक विवाहगीत तेवढें निराळ्या संग्रहांत राहिलें होतें. बाकी सर्व काव्य ज्या एका पोथीमुळें वांचलें, ती १३०० च्या सुमारास व्हेरोनांत उजेडांत आली आणि पुढें पुन्हां हरवली, ती कायमची! सुदैवानें तत्पूर्वीं तिची नक्कल झाली होती. त्या परंपरेंतील चौदाव्या शतकाच्या तीन प्रती आज ऑक्सफर्ड, पॅरिस व व्हॅटिकन येथें आहेत. १३७५ सालच्या पॅरिसच्या प्रतींत नकलाकार वाचकाची क्षमा मागतो. मूळ पोथी अत्यंत अशुद्ध होती, दुसरी मिळेना. मुळींच नसण्यापेक्षां अशुद्ध कां होईना असावी, म्हणून ती उतरून घेतली, असें तो सांगतो. बिचाऱ्याचे उपकार थोडेथोडके नव्हेत.

१४७२ सालीं व्हेनिस येथें ग्रंथ छापला गेला, तेव्हां धोका टळला. १६०१ सालीं इंग्लंडांत टॉमस कॅम्पियननें चुंबनगीताच्या आधारें लेस्बियेस उद्देशून गीत रचलें. बेन जॉन्सननें तोच आशय ‘व्होल्पोनी’ नाटकांत एका लबाड धनिकाच्या तोंडीं घातला. १८८० मध्यें टेनिसन गार्डा सरोवराकांठीं सिर्मिओस गेला. कातुल्लसचें घर तेथें होतें. टेनिसनचा भाऊ चार्ल्स आदल्याच वर्षीं वारला होता. तेथें सुचलेल्या कवितेस त्यानें कातुल्लसच्या निरोपाचेच लॅटिन शब्द शीर्षक म्हणून दिले.