उंबरठ्यावरची बंदूक

आपल्याकडे सर्वसामान्य माणसाला बंदूक दिसते ती बँकेच्या दारात. दुनळी घेऊन खुर्चीवर बसलेल्या रखवालदाराकडे फारसं लक्ष न देता आपण आत जातो. त्यापलीकडे बंदूक म्हणजे परवाना, पोलीस ठाण्याच्या खेपा आणि निवडणूक जाहीर झाली की हत्यार जमा करण्याची नोटीस. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या सरकारने शस्त्र कायदा आणला आणि परवान्याशिवाय हत्यार बाळगायला हिंदी माणसाला बंदी केली. गोऱ्यांना त्यातून सूट होती. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा कायदा आला, ती गोऱ्या-काळ्याची रेघ पुसली गेली, पण परवाना राहिला. त्यामुळे ‘कृपया बंदूक घेऊन आत येऊ नये’ अशी पाटी लावण्याची वेळ आपल्याकडच्या वाण्यावर किंवा हॉटेलवाल्यावर कधी आली नाही.

अमेरिकेत ती आली. आणि ती पाटी लावावी की नाही, लावलीच तर तिला किती किंमत द्यायची, यावरून तिथे गेली तीस-पस्तीस वर्षं विधिमंडळांत आणि न्यायालयांत भांडण चाललं आहे. हे भांडण मला विलक्षण वाटतं. कारण यात एका बाजूला हक्क आणि दुसऱ्या बाजूला जुलूम, असा सरळ मामला नाही. दोन्हीकडे हक्कच आहेत. एक म्हणतो, बंदूक बाळगणं हा माझा हक्क. दुसरा म्हणतो, दुकान माझं, आत कोणी काय घेऊन यायचं ते मी ठरवणार. दोघे समोरासमोर येतात ते दुकानाच्या उंबरठ्यावर.

दोन्ही हक्क जुने आहेत. माणसाचं घर हा त्याचा किल्ला, हे तत्त्व इंग्लंडच्या न्यायालयाने १६०४ सालीच मान्य केलं होतं. राजाच्या शिपायालाही मनाला येईल तेव्हा त्या किल्ल्यात शिरता येत नाही. मालमत्ता म्हणजे ‘बाहेर हो’ म्हणण्याचा अधिकार, हा विचार इंग्रजांबरोबर अमेरिकेत गेला. बंदुकीचा हक्क आला तो १७९१ साली, अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीतून. हा हक्क सरकारी नागरी सेनेपुरता की प्रत्येक माणसाचा, हा वाद दोनशे वर्षं चालला. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने हेलर खटल्यात सांगितलं की तो व्यक्तीचा हक्क आहे.

पण इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. घटनेतला हक्क सरकारचे हात बांधतो, शेजाऱ्याचे नाही. मला भाषणस्वातंत्र्य आहे म्हणून तुमच्या दिवाणखान्यात उभं राहून मला भाषण ठोकता येत नाही. बंदुकीचंही तसंच. जॉर्जिया राज्यात प्रार्थनास्थळांत बंदूक नेण्याबद्दल खटला झाला, तेव्हा २०१२ साली तिथल्या संघीय अपील न्यायालयाने स्पष्ट केलं की, दुसऱ्याच्या जागेत त्याच्या मर्जीविरुद्ध हत्यार नेण्याचा हक्क दुसऱ्या दुरुस्तीने कुणाला दिलेला नाही.

आपल्या मनातली जुनी अमेरिका काउबॉयच्या सिनेमांतली. तिथे प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल आणि दर दहा मिनिटांनी गोळीबार. प्रत्यक्षात पश्चिमेकडच्या अनेक गावांत वेशीच्या आत हत्यार घेऊन फिरायला मनाई होती. ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावाने एप्रिल १८८१ मध्ये असा नियम केला. गावात आलेल्याने आपली बंदूक घोड्यांच्या तबेल्यात किंवा दारूच्या गुत्त्यावर जमा करायची आणि जाताना परत घ्यायची. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला ओ. के. कोरलजवळ जी प्रसिद्ध चकमक झाली, तीन माणसं मेली आणि ज्यावर पुढे कितीतरी सिनेमे निघाले, तिच्या मुळाशी हाच नियम होता. हत्यारं जमा न करता काही काउबॉय गावात फिरत होते आणि मार्शल ती काढून घ्यायला गेला होता. म्हणजे सिनेमात ज्या गावाची बंदुकीसाठी कीर्ती झाली, ते गाव बंदूक बाहेर ठेवू पाहत होतं!

आजच्या भांडणाचं एक मोठं मूळ टेक्सासमध्ये आहे. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन गावातल्या लुबीज या उपाहारगृहात एका माणसाने आपला ट्रक भिंतीच्या काचा फोडून आत घातला आणि जेवत बसलेल्या लोकांवर गोळ्या झाडायला सुरुवात केली. २३ माणसं मेली. सुझाना ग्राशिया हप ही तरुण डॉक्टर आईवडिलांबरोबर तिथे जेवायला आली होती. तिच्या डोळ्यांदेखत वडील पडले. आईही गेली. तिचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत होतं. टेक्सासच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे ते सोबत बाळगता येत नव्हतं, म्हणून तिने ते गाडीत ठेवलं होतं. पुढे ती ठिकठिकाणी साक्ष देत फिरली, आमदार झाली. १९९५ साली टेक्सासने कपड्याखाली पिस्तूल बाळगण्याचे परवाने देण्याचा कायदा केला. या बाईची कहाणी ऐकून कुणाचंही मन हलेल. तिचा प्रश्न साधा होता : माझं हत्यार दाराबाहेर ठेवायला लावता, मग आत माझ्या जिवाची हमी कोण घेणार?

हा प्रश्न तिने सरकारला विचारला होता. पण सरकारने बंदी उठवली आणि तोच प्रश्न दुकानदाराच्या दारात येऊन उभा राहिला. टेक्सासने त्यावर तोडगा काढला तो पाटीचा. मालकाला पिस्तूल नको असेल तर त्याने दारावर पाटी लावायची. तीही कशी, ते कायद्यातच लिहिलं आहे. मजकूर ठरलेला, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, अक्षरं निदान एक इंच उंचीची, रंग उठून दिसणारे. २०१६ पासून पिस्तूल उघडपणे कमरेला लावायची मुभा मिळाली, तेव्हा त्यासाठी दुसरी पाटी आली. २०२१ पासून परवान्याचीही गरज राहिली नाही, मग तिसरी. पाटी न जुमानणाऱ्याला दंड दोनशे डॉलरपर्यंत. तोंडी सांगूनही तो बाहेर गेला नाही, तर मात्र तुरुंगापर्यंत प्रकरण जाऊ शकतं.

माझी भाची डॅलसजवळ राहते, एका दवाखान्यात काम करते. २०१८ साली तिच्याकडे गेलो होतो, तेव्हा त्या दवाखान्याच्या काचेवर मी या पाट्या पाहिल्या. आपल्याकडे ‘चपला बाहेर काढाव्यात’ असं लिहावं, तितक्या सहजपणे तिथे पिस्तुलाबद्दल लिहिलेलं होतं. मी तिला विचारलं, “याने तुला सुरक्षित वाटतं का गं?” ती म्हणाली, “मामू, पाटी वाचून मागे फिरणाऱ्याची भीती नसतेच. भीती असते ती न वाचणाऱ्याची. पण पाटी आहे म्हणून मला कुणाला तरी ‘बाहेर ठेवून या’ असं म्हणता तरी येतं.” तिच्या या दोन वाक्यांत दोन्ही बाजूंची वकिली झाली, असं मला वाटलं.

मग भांडण दारातून अंगणात आलं. ओक्लाहोमा राज्यात व्हॅलियंट इथल्या कागद कारखान्यात २००२ साली, शिकारीच्या हंगामाच्या तोंडावर, कंपनीने कामगारांच्या गाड्यांची कुत्र्यांकरवी तपासणी केली. ज्यांच्या गाड्यांत बंदुका निघाल्या त्यांची नोकरी गेली. कारखान्याचं पार्किंग कंपनीचं, गाडी कामगाराची, गाडीतली बंदूक शिकारीची. आता मालकी कुणाची मोजायची? ओक्लाहोमाच्या विधिमंडळाने २००४ साली कायदा करून सांगितलं की, कुलूपबंद गाडीत बंदूक ठेवायला मालकाने मनाई करायची नाही. मोठ्या कंपन्या न्यायालयात गेल्या. बंदूकवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यातल्या कोनोकोफिलिप्स या तेल कंपनीवर बहिष्काराची हाक दिली. २००९ साली अपील न्यायालयाने कायदा कायम ठेवला. पुढे वीसहून अधिक राज्यांत असे कायदे झाले. एरवी ‘सरकारने धंद्यात नाक खुपसू नये’ म्हणणारे आमदारच इथे मालकाच्या अंगणात काय चालेल ते ठरवत होते, आणि एरवी कामगारांच्या हक्कांवर बोलणारे पुष्कळ जण मालकाच्या बाजूला उभे होते.

मोठ्या साखळी दुकानांची अवस्था तर आणखी अवघड. सप्टेंबर २०१३ मध्ये स्टारबक्सचे प्रमुख हॉवर्ड शुल्ट्झ यांनी जाहीर पत्र लिहून ग्राहकांना विनंती केली की कॉफी प्यायला येताना बंदुका आणू नका. विनंतीच केली, बंदी घातली नाही. कारणही त्यांनी दिलं : बंदी घातली तर हत्यारबंद गिऱ्हाइकाला अडवायचं काम कॉफी देणाऱ्या पोरापोरींवर येईल. ३ ऑगस्ट २०१९ रोजी टेक्सासमधल्या एल पासो इथे वॉलमार्टच्या दुकानात गोळीबार झाला आणि त्यात २३ जणांचा जीव गेला. महिन्याभरात वॉलमार्टनेही ग्राहकांना विनंती केली की दुकानात उघडी बंदूक घेऊन येऊ नका. कपड्याखाली झाकलेल्या, परवान्याच्या पिस्तुलाबद्दल मात्र धोरण बदललं नाही. मालकी हक्क कितीही पक्का असला, तरी तो बजावायला दारात उभं राहतं कोण? ताशी पगारावर काम करणारं एखादं पोर.

२०२२ साली या भांडणाला नवं वळण लागलं. सर्वोच्च न्यायालयाने ब्रुएन खटल्यात निकाल दिला की हत्यार बाळगण्याचा हक्क घराबाहेरही आहे. त्यावर न्यूयॉर्क आणि पुढच्या वर्षी हवाई या राज्यांनी टेक्सासची रीत उलटी केली. तिथे मालक गप्प असेल तर त्याचा अर्थ होकार. इथे मालक गप्प असेल तर त्याचा अर्थ नकार. ज्याला बंदूक चालते त्याने तसं सांगावं. वाद खटल्यांत गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हवाईचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने सुनावणीला घेतलं. सगळा प्रश्न एका मुद्द्यावर येऊन ठेपला : मौनाचा अर्थ काय?

ब्रुएनच्या निकालाने आणखी एक अट घातली होती. आजचा निर्बंध देशाच्या जुन्या परंपरेत बसतो, हे सरकारने दाखवून द्यायचं. म्हणून वकिलांनी जुनी दप्तरं उघडली. त्यातून १७७१ सालचा न्यू जर्सीचा कायदा निघाला, चोरून शिकार करणाऱ्यांना रोखण्यासाठी केलेला. आणि निघाला १८६५ सालचा लुईझियानाचा. मळ्याच्या मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या जागेत हत्यार नेऊ नये, असं तो सांगतो. वाचायला किती रास्त! पण साल पाहा. यादवी युद्ध नुकतंच संपलं होतं, गुलाम मोकळे झाले होते आणि दक्षिणेतली राज्यं त्यांना पुन्हा जखडण्यासाठी एकामागून एक कायदे करत होती. त्या वर्षी ‘मालक’ कोण होता आणि ‘परवानगी’ कुणाला मागावी लागत होती, हे वेगळं सांगायला नको.

इथे मला आणखी एक दार आठवतं. २ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायद्यावर सही झाली आणि हॉटेलांत वर्णभेद करायला बंदी आली. दुसऱ्याच दिवशी अटलांटात लेस्टर मॅडॉक्स या हॉटेलमालकाने जेवायला आलेल्या तीन कृष्णवर्णीय तरुणांना दारातूनच पिटाळलं. त्याच्या हातात पिस्तूल होतं. त्याचं म्हणणंही हेच, की जागा माझी, कुणाला येऊ द्यायचं ते मी ठरवणार. न्यायालयाने ते मानलं नाही. त्याने हॉटेल बंद केलं, पण काळ्या माणसाला वाढलं नाही; आणि १९६७ साली तो जॉर्जियाचा गव्हर्नर झाला.

म्हणून मालकी हक्काचं नाव ऐकलं की मी जरा सावध होतो. नाव विचारल्यावर ‘खोली कालच गेली’ म्हणणारे घरमालक मीही पाहिले आहेत. तरीही लुबीजचं दार आणि मॅडॉक्सचं दार मी एका मापाने मोजणार नाही. कातडी, जात, धर्म, नाव या गोष्टी माणसाला उंबरठ्याबाहेर काढून ठेवता येत नाहीत. त्यांना नकार म्हणजे माणसालाच नकार. बंदूक बाहेर ठेवता येते. गाडीत ठेवा, घरी ठेवा, तबेल्यात ठेवा. माणूस आत येऊ शकतो. मालकाने माणूस अडवला की कायद्याने आडवं यावं. त्याने वस्तू अडवली तर त्याचा शब्द राहावा.

सुझाना हपच्या प्रश्नाचं उत्तर याने मिळत नाही, हे मला मान्य आहे. हत्यार बाहेर ठेवायला सांगणाऱ्याने आतल्या माणसांची काळजी वाहायला हवी, हे तिचं मागणं खरंच आहे. हक्क बजावला की जबाबदारी संपत नाही, तिथून ती सुरू होते. मालकाने पाटी लावावी आणि दारही राखावं. पाहुण्याने विचारून आत यावं. मौनाचा अर्थ न्यायालय लावील तो लावील. पण आत पोरंबाळं जेवत बसलेली असताना दोघांनीही गप्प राहू नये.