कुत्रं गुबगुबीत झालंय? आधी घरातल्या हातांचा हिशेब करा

गावाकडे कुत्रं जाड असलं की मालकाला बरं वाटतं. येणारा-जाणाराही 'तब्येत झकास केलीय' म्हणून जातो. पण तेच कुत्रं उन्हाळ्यात चार पावलं चाललं तरी धापा टाकतं, ओट्यावर चढताना मागचे पाय ओढतं, तेव्हा 'वय झालं' म्हणून सोडून दिलं जातं. बऱ्याचदा कारण वय नसून चरबी असते.

रानात मोकळं फिरणारं गावठी कुत्रं सहसा जाड होत नाही. हा त्रास दारात साखळीला बांधलेल्या लॅब्राडोर, पग यांचा जास्त. नसबंदी झालेल्या कुत्र्यालाही पूर्वीपेक्षा कमी खाणं लागतं, पण ताट तेवढंच राहतं.

जाड आहे का, हे हातानेच कळतं. बरगड्यांवरून बोटं फिरवा. आपल्या पालथ्या पंजावरची हाडं लागतात तशा बरगड्या लागल्या तर वजन बरोबर. तळहातासारखं मऊ लागलं तर चरबी चढलीय. वरून पाहिल्यावर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे.

आता खाण्याचं. सकाळी आजी दूध-भाकरी घालते, पोरं बिस्किटं टाकतात, रात्री मालक ताटातलं उरलेलं देतो. प्रत्येकाला वाटतं आपण थोडंच दिलं. ३० किलो वजन योग्य असलेल्या लॅबला वजन उतरवताना दिवसाला साधारण ९०० कॅलरी पुरतात. ज्वारीची ८० ग्रॅम पिठाची भाकरी २७० च्या आसपास जाते, म्हणजे तीन भाकरीतच आठशेच्या वर. बिस्किटाचा ५० ग्रॅमचा पुडा सव्वादोनशेच्या घरात, जवळजवळ एक भाकरीच! म्हणून खाऊ घालणारा माणूस एकच ठेवायचा आणि दिवसाचं सगळं खाणं सकाळीच मोजून एका डब्यात काढायचं. वरचा खाऊही त्यातूनच, तोही एकूण कॅलरीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. घरातली म्हातारी माणसं ऐकत नाहीत, हा खरा अवघड भाग. त्यांच्या हाती बिस्किटाऐवजी काकडीचा नाहीतर गाजराचा तुकडा द्यावा.

नुसती भाकरी कमी करून भागत नाही. प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर मांसही झडतं. कातडी काढलेलं उकडलेलं चिकन, उकडलेलं अंडं ठेवावं, सोबत शिजवलेला दुधी किंवा लाल भोपळा घालावा म्हणजे पोट भरतं. चिकन सेंटरवरून फुकट मिळणारी कातडी-चरबी बंद. त्याने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कांदा-लसूण घातलेला रस्सा नको. द्राक्षं-बेदाणे तर अजिबात नको, कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. द्राक्षबागायतदारांनी हे मजुरांनाही सांगून ठेवावं.

उपाशी ठेवणं हा मार्ग नाही. आठवड्याला वजनाच्या १ ते २ टक्के उतरलं की पुष्कळ झालं. ३६ किलोचं कुत्रं ३० वर यायला साधारण दोन ते चार महिने लागतात. लहान कुत्र्याला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. मोठ्याला धान्याच्या काट्यावर चढवावं. फिरवायचं ते ऊन चढायच्या आत, सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटंच.

अमेरिकेत ४८ लॅब्राडोरवर झालेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. एकाच वेतातल्या जोड्यांमधल्या एकाला पाव हिस्सा कमी खाणं दिलं होतं. ती कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली, सांध्यांचा त्रासही उशिरा सुरू झाला.

महिनाभर मोजून घालूनही काटा हलला नाही, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावं. थायरॉइड कमी असला तरी वजन वाढतं, ते रक्त तपासल्यावर कळतं. आधीपासून औषधं चालू असलेल्या किंवा गाभण कुत्रीचं खाणं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कमी करू नये.