रिकामें आकाश आणि न जुळणारा हिशेब



आमच्या चामोर्शीच्या मुलखांत पावसाचें पाणी अडवून ठेवणारे जुने मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. भाताची शेती त्यांच्या भरंवशावर चालते. समजा, अशा एका तलावांतून किती पाणी बांध्यांत सोडलें आणि किती उन्हानें आटलें याचा कोणी चोख हिशेब ठेवला. आणि पाहावें तों पाणी हिशेबाहून पुष्कळच कमी! अशा वेळीं दोन तर्क संभवतात. एक, पाळीच्या पोटांत कोठेंतरी न दिसणारें भोंक आहे. दुसरा, आपली मोजण्याची काठीच चुकीची आहे. आजच्या माझ्या विषयाचें मर्म या दोन तर्कांत आहे. फरक इतकाच कीं, येथें तलावाच्या जागीं अवघें विश्व आहे.

माझें सारें आयुष्य शाळेंत शिकविण्यांत गेलें. एकदां न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम मी मोठ्या आवेशानें सांगत असतां मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्यें तर कांहींच नाहीं, मग ही ओढ जाते कशांतून?" मला उत्तर येत नव्हतें, आणि येत नाहीं असें म्हणण्याचें धैर्यहि नव्हतें. "नियम पाठ कर आणि खालीं बस," असें म्हणून मीं त्याला गप्प केलें. पुढें पुष्कळ वर्षांनीं माझ्या वाचनांत आलें कीं, मध्यें कांहींहि नसतां एका वस्तूनें दुसरीवर दुरून परिणाम करावा ही कल्पना खुद्द न्यूटनलाच पटत नव्हती; १६९३ सालीं रिचर्ड बेंटले यांस लिहिलेल्या पत्रांत त्यानें तसें स्पष्ट म्हटलें आहे. त्या मुलानें न्यूटनचाच प्रश्न विचारला होता, हें कळल्यावर मला माझी लाज वाटली.

आकाशांत हिशेब न जुळण्याचे दोन प्रसंग पूर्वीं आले, आणि त्यांचीं उत्तरें निरनिराळीं निघालीं. १७८१ सालीं सांपडलेला युरेनस ग्रह गणितानें ठरविलेल्या वाटेनें चालेना. फ्रान्समध्यें लव्हेरिए आणि इंग्लंडांत अ‍ॅडम्स यांनीं तर्क केला कीं, पलीकडील एखादा अज्ञात ग्रह त्याला ओढीत असावा. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्रीं बर्लिनच्या वेधशाळेंत गाले यांना लव्हेरिएनें सांगितलेल्या जागेपासून एक अंशाच्या आंत नेपच्यून सांपडला. म्हणजे भोंक खरोखरच होतें!

पुढें बुधाची कक्षाहि न्यूटनच्या गणिताहून किंचित् अधिक सरकतांना दिसली. शंभर वर्षांत अवघ्या ४३ विकला. लव्हेरिएनें १८५९ सालीं पुन्हां तोच उपाय योजिला आणि सूर्याजवळ आणखी द्रव्य असलें पाहिजे असें म्हटलें. त्या कल्पित ग्रहाला व्हल्कन असें नांवहि मिळालें. परंतु तो कधींच सांपडला नाहीं. १९१५ सालीं आइन्स्टाइननें दाखविलें कीं, दुरुस्ती नियमांतच हवी होती. रिकामी जागा ही निव्वळ पोकळी नव्हे. जड वस्तु आपल्या भोंवतींच्या अवकाशाला बाक आणते, आणि इतर वस्तु त्या बाकाला अनुसरून चालतात. या वेळीं काठीच चुकीची निघाली.

तिसरा प्रसंग अजून मिटलेला नाहीं. १९३३ सालीं फ्रिट्झ झ्विकी यांनीं कोमा नांवाच्या दीर्घिकासमूहाचा अभ्यास केला. त्यांतील दीर्घिका इतक्या वेगानें धांवत होत्या कीं, दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीनें त्या एकत्र राहणें शक्य नव्हतें. १९७० पासून अमेरिकेंतील व्हेरा रुबिन यांनीं एकेक दीर्घिका तपासली. सूर्यमालेंत दूरचे ग्रह मंद चालतात. तसे दीर्घिकेच्या कडेचे तारेहि मंद असावयास हवे होते. पण त्यांचा वेग कमी होईना. बहुतेक शास्त्रज्ञांनीं नेपच्यूनची वाट धरली: न दिसणारें कृष्णद्रव्य आहे, आणि तें साध्या द्रव्याच्या सुमारें पांचपट आहे. इस्राएलचे मोर्डेहाय मिल्ग्रोम यांनीं १९८३ सालीं बुधाची वाट धरली. पडत्या दगडाला पृथ्वी जी गति देते, तिच्या सुमारें आठ हजार कोटींव्या भागाइतकी ओढ क्षीण झाली, कीं न्यूटनचा नियमच बदलतो, असें त्यांचें म्हणणें.

या वादांत एका मराठी माणसाचें स्थान मोठें आहे. डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजीं कोल्हापुरास झाला, शिक्षण काशीस व केंब्रिजला झालें. जून १९६४ मध्यें त्यांनीं व त्यांचे गुरु फ्रेड हॉईल यांनीं गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें मांडला. वस्तूचें जडत्व तिच्या अंगचें नव्हे. विश्वांतील इतर सर्व वस्तूंमुळें तें तिला मिळतें. अगदीं रिकाम्या विश्वांत एकटा कण असला, तर त्याला वस्तुमानच नसेल! त्याच सभेंत स्टीफन हॉकिंग या तरुण विद्यार्थ्यानें उठून हरकत घेतली कीं, प्रसरण पावणाऱ्या विश्वांत ही बेरीज अनंत होते. त्याला कोणी "खालीं बस" म्हटलें नाहीं.

नारळीकरांचा पक्ष पुढें मागें पडला. विश्व सर्व काळीं सारखेंच दिसावें, असें स्थिर विश्वाचा सिद्धांत सांगे. म्हणूनच त्याची परीक्षा घेतां आली, आणि १९६५ सालीं सांपडलेल्या विश्वव्यापी प्रारणानें त्याला मोठा धक्का बसला. नारळीकरांनीं हॉईल व बर्बिज यांच्यासह १९९३ सालीं त्याची सुधारलेली मांडणी केली. तींत कृष्णद्रव्य हें पूर्वींच्या आवर्तनांतील विझलेल्या ताऱ्यांसारखें साधेंच द्रव्य असूं शकेल, असा पर्याय होता. तोहि फार थोड्यांनीं मानला. परंतु १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या आयुका या संस्थेचे पहिले संचालक म्हणून त्यांनीं महास्फोट मानणाऱ्यांनाहि मानाचें स्थान दिलें. तेथेंच थाणु पद्मनाभन् यांनीं, पाणी जसें रेणूंचें बनतें तसें अवकाशहि सूक्ष्म घटकांचें असावें व गुरुत्वाकर्षण हा त्यांचा सामुदायिक परिणाम असावा, असा विचार मांडला. ते २०२१ सालीं निवर्तले. नारळीकरांचें निधन २० मे २०२५ रोजीं पुण्यास झालें.

आज पारडें कोणीकडे झुकतें? २००६ सालीं दोन दीर्घिकासमूहांच्या टकरीचे वेध प्रसिद्ध झाले. टकरींत बहुतेक साधें द्रव्य म्हणजे तप्त वायु मागें राहिला, पण ओढीचा मध्य पुढें गेलेला आढळला. हा अदृश्य द्रव्याच्या बाजूचा भक्कम पुरावा होय. उलट, जमिनीखालीं खोल खाणींत यंत्रें बसवूनहि त्या द्रव्याचा एकहि कण निर्विवादपणें हातीं लागलेला नाहीं. आणि मिल्ग्रोमचें गणित दीर्घिकासमूहांत कमी पडत असलें, तरी एकेका दीर्घिकेला तें नवल वाटावें इतकें लागू पडतें. भोंक आहे असें बहुतेकांस वाटतें. परंतु भोंक कोणीं पाहिलेलें नाहीं. अशा वेळीं काठी पुन्हां तपासून पाहणाऱ्याला वेडा ठरविणें शहाणपणाचें नव्हे. त्यानें आपलें म्हणणें कोणत्या कसोटीवर खोटें ठरेल, तें मात्र आधीं सांगितलें पाहिजे.

माझा तो विद्यार्थी आतां प्रौढ गृहस्थ झाला असेल. हें भाषण त्याच्या कानीं पडलें, तर त्याला इतकेंच सांगावयाचें आहे कीं, प्रश्न तुझा बरोबर होता, चूक गुरुजींची होती. आपल्या घरांतील मुलें असें कांहीं विचारतील, तेव्हां त्यांना खालीं बसवूं नका, एवढी विनंति करून आपली रजा घेतों.