टपाली मतांची मोजणी आणि तिचे संरक्षण

दौंड विधानसभा मतदारसंघात २०१९ साली राहुल कुल यांनी रमेश थोरात यांचा अवघ्या ७४६ मतांनी पराभव केला. शेजारच्या शिरूरमध्ये त्याच वर्षी अशोक पवार यांचे मताधिक्य चाळीस हजारांहून अधिक होते. एवढ्या मताधिक्यात टपाली मतांची कोणी फारशी चौकशी करीत नाही; दौंडसारख्या निकालात मात्र पाकीटन्‌पाकीट मोलाचे ठरते.

सैन्यातील जवान, निवडणुकीच्या कामावरील कर्मचारी व पोलीस, तसेच ८५ वर्षांवरील आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेले मतदार टपाली मतपत्रिकेचा लाभ घेऊ शकतात. राज्य राखीव पोलीस दलाचे गट असलेल्या दौंडला बंदोबस्तावरील मतदार म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. मोजणीच्या ठरलेल्या वेळेनंतर आलेले पाकीट मोजले जात नाही.

मोजणीचा आरंभ टपाली मतांनीच होतो. बाहेरचे पाकीट उघडल्यावर आत मतदाराचे साक्षांकित घोषणापत्र आणि मतपत्रिकेचे बंद पाकीट असावे लागते. घोषणापत्र नसेल, त्यावर सही नसेल किंवा दोन्हींवरील अनुक्रमांक जुळत नसेल, तर आतले पाकीट उघडलेच जात नाही. ग्राह्य घोषणापत्रे आधी वेगळी मोहोरबंद केली जातात, मगच मतपत्रिका बाहेर येतात. त्यामुळे मत कोणाचे हे कळत नाही. खरी हानी होते ती बहुधा राहून गेलेल्या सहीमुळे.

बाद मतांसाठीही एक कवच आहे. विजयाचे अंतर बाद टपाली मतांहून कमी असल्यास त्या सर्वांची फेरतपासणी सक्तीची असून तिचे चित्रीकरण होते. वायव्य मुंबईत २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत हेच घडले. यंत्रांवरील मोजणीत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते मिळविल्यावर रवींद्र वायकर ४८ मतांनी विजयी झाले. बाद ठरलेल्या १११ टपाली मतपत्रिका पुन्हा तपासण्यात आल्या.

टपाली मोजणी रेंगाळली तरी यंत्रांच्या फेऱ्या पूर्ण करण्याची मुभा २०१९ पासून होती. त्यातून संशयाला वाव मिळे. निवडणूक आयोगाने २५ सप्टेंबर २०२५ रोजी ती काढून घेतली, हे योग्यच झाले. आता टपाली मोजणी संपल्याखेरीज यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करता येत नाही. उमेदवारांच्या प्रतिनिधींनी मात्र टपाली मोजणीच्या टेबलाशी पहिल्या पाकिटापासून बसावयास हवे.